भाऊ सट्ट्यात बुडला, घरचे म्हणतात सोनं मोडून कर्ज फेडू, मी काय करू?

"ताई, नमस्कार. मी नागपूरच्या मानेवाड्याची, लग्नानंतर हिंगणा रोडला राहते. माझा लहान भाऊ २७ वर्षांचा आहे, बुटीबोरीला कंपनीत, पगार २८ हजार. दोन वर्षांआधी कळलं की तो क्रिकेटवर सट्टा लावतो. तेव्हा बाबांनी एफडी मोडून १ लाख ८० हजार भरले, त्याने टेकडीच्या गणपतीसमोर शपथ घेतली. आता पुन्हा तेच. तीन लोन ॲप, एक क्रेडिट कार्ड, मित्रांचे हातउसने, सगळं मिळून ४ लाख ६० हजार, म्हणजे तो सांगतो तेवढं. व्हॉट्सॲपवर कोणीतरी आयडी, म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं खातं, देतो त्यावर खेळतो, कंपनीतली अजून चार-पाच पोरं आहेत. बाबा म्हणतात याला अक्कलच नाही. आई पाटल्या आणि गोफ काढून बसली आहे, रविवारी सोनाराकडे जायचं ठरलं आहे. मामा म्हणतात लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधरेल, उमरेडकडचं एक स्थळही पाहून ठेवलं आहे. मी स्वतः नवऱ्याला न सांगता त्याला ४० हजार दिले. रात्री झोप लागत नाही. काय करू? – एक बहीण"

अगं, तुला एकेरीतच लिहिते, माझ्या धाकट्या बहिणीएवढी असशील. आधी रविवारचं बोलू, बाकी सगळं नंतर. आईला सांग पाटल्या आणि गोफ परत कपाटात ठेव, या रविवारी सोनाराकडे जायचं नाही. कर्ज फेडूच नका असं मी म्हणत नाही, पण आत्ता, एका झटक्यात, आईच्या सोन्यातून नाही. दोन वर्षांआधी १ लाख ८० हजार भरले तेव्हा काय झालं ते तूच लिहिलं आहेस. घरच्यांनी कर्ज भरलं की सगळ्यांना वाटतं विषय मिटला, पोरालाही वाटतं चूक पुसल्या गेली, आणि खेळाचा रस्ता मात्र जसाच्या तसा मोकळा राहतो, उलट कार्डाची लिमिट परत भरते, लोन ॲपवाला "तुमचा रेकॉर्ड चांगला आहे" म्हणून आधीपेक्षा मोठं लोन देऊ करतो. पैसे जातात पण गळती तिथेच असते.

मी काही वर्षं व्यसनमुक्तीच्या कामात होते, तेव्हा इतवारीतले एक काका आले होते, हातात पोराच्या यूपीआय हिस्टरीची प्रिंट, बारा-तेरा पानं, कडेला स्टेपल केलेली. मी ती ओळ न ओळ वाचली. पगार रात्री जमा झाला आणि अकरा मिनिटांनी पहिले ५००० गेले. मग परत ५०००, मग २०००, २०००, २०००, मग १०००, मग ५०० च्या सात नोंदी एकाखाली एक, मग २००, मग १००. आणि या सगळ्यांच्या खाली सकाळी ७ वाजून ५० मिनिटांनी ४० रुपये, पोहेवाल्याला. म्हणजे पोरगा रात्रभर जागा होता आणि सकाळी तर्री-पोहे खाऊन तसाच ड्युटीवर गेला. काका म्हणाले, मॅडम, मी याला मारलंसुद्धा, काही उपयोग नाही. मला त्या कागदांत बदमाशी नाही दिसली. ५००० वरून १०० वर येईपर्यंत ज्याचा हात थांबत नाही, तो मजा करून राहिला नसतो गं, तो आधीचे गेलेले परत आणायला पाहून राहिला असतो. ही पोरं त्याला "रिकव्हरी" म्हणतात ना, तुझा भाऊही म्हणत असेल, "बस एवढं रिकव्हर झालं की बंद". तो खोटं बोलत नसतो, त्या क्षणी त्याला खरंच तसं वाटत असतं, आणि तीच या आजाराची ठळक खूण आहे.

हो, आजारच म्हणते मी, आणि हे माझ्या मनाचं नाही. अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांनी २०१३ मध्ये जुगाराचा विकार दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्या यादीत आणून ठेवला, जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली त्यातही तो व्यसनांमध्येच आहे. बाबांना हे शांतपणे सांग. अक्कल नाही म्हणून कोणी यात पडतं असं नाही, २०२३ मध्ये आपल्याच शहरातल्या एका व्यापाऱ्याचे ऑनलाइन जुगारात ५८ कोटी गेल्याची बातमी सगळ्या पेपरांत होती, बाबांनीही वाचली असेल, एवढा धंदा सांभाळणाऱ्या माणसाला काय हिशोब कळत नव्हता?

आता बाबांच्या पिढीला समजेल असं एक सांगते. त्यांच्या वेळेस मटका होता. त्यात दिवसाला ओपन आणि क्लोज, दोनच आकडे. आकडा लावायला चालत जावं लागायचं, निकालाची वाट पाहायला लागायची, मधल्या वेळात माणूस घरी यायचा, जेवायचा, बायको विचारायची की पैसे कुठे गेले. संसार त्यानेही बुडालेत, मी त्याला चांगलं म्हणत नाही, पण मधे वेळ होता, आणि त्या वेळात माणूस भानावर यायची शक्यता होती. आता एका टी-ट्वेंटीत दोन्ही डाव धरून २४० बॉल, आणि प्रत्येक बॉलवर भाव हलतो. पांघरुणात मोबाइल, कोणाला दिसत नाही. सहा ओव्हरचं सेशन, म्हणजे तेवढ्या ओव्हरांत किती धावा होतील याची पैज, ४८ ला लावलं आणि ४७ वर अडकलं, तर डोकं "हरलो" असं घेतच नाही, "थोडक्यात गेलं" असं घेतं. २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी स्लॉट मशिनसारखा खेळ खेळणाऱ्यांचे मेंदूचे स्कॅन घेतले होते, त्यात दिसलं की असं थोडक्यात हुकलं की मेंदूचे तेच भाग पेटतात जे जिंकल्यावर पेटतात, आणि वाईट वाटत असतानासुद्धा अजून एकदा खेळायची इच्छा वाढते. आणि मॅच संपली तरी सुटका नाही, कारण त्याच आयडीत कसिनोही असतो, पत्ते, चक्री, रात्रभर चालू. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०२४ मध्ये जुगार आणि सार्वजनिक आरोग्य यावर मोठा आयोगाचा अहवाल काढला, त्यातला अंदाज सांगते: ऑनलाइन कसिनो आणि स्लॉट खेळणाऱ्या मोठ्या माणसांपैकी १५.८ टक्के जणांना जुगाराचा विकार असू शकतो, आणि खेळणाऱ्या किशोरवयीन मुलांमध्ये २६.४ टक्के. चारातलं एक पोर. हे आकडे वाचल्यावर मला तरी "याची इच्छाशक्ती कमजोर आहे" असं कोणाबद्दल म्हणवत नाही, ज्या वस्तूने एवढी माणसं आजारी पडतात त्या वस्तूकडेच आधी पाहावं लागतं.

म्हणूनच मी तुला उपदेशाचा रस्ता सांगणार नाही, शपथेचाही नाही. शपथ त्याने मनापासूनच घेतली असेल, पण शपथ डोक्यात असते आणि खेळ हातात. हात आणि खेळ यांच्या मधे आडकाठी टाकावी लागते. एका देशाचं उदाहरण सांगते. नॉर्वेत दुकानादुकानात जुगाराची मशिन होती. २००६ मध्ये त्यांनी आधी त्या मशिनमध्ये नोट टाकायची सोय काढली, आणि जुलै २००७ पासून मशिनच बंद केली. लोकांना वाटलं लोक दुसरीकडे जाऊन खेळतील. नंतर संशोधकांनी तपासलं तर जुगार कमी झाला होता, अडचणीत असलेले लोकही कमी झाले होते, हेल्पलाइनचे फोन घटले, आणि दुसऱ्या जुगाराकडे मोठी झुंबड काही गेली नाही. तिथल्या लोकांची इच्छाशक्ती एका वर्षात वाढली नव्हती गं, फक्त खेळ हाताशी राहिला नव्हता. तेच तुम्हाला घरात करायचं आहे.

कसं ते सांगते. आधी खरा आकडा काढा. तो म्हणतो ४ लाख ६०, पण या आजारात माणूस पहिल्यांदा सहसा पूर्ण आकडा सांगत नाही, लाजेने सांगत नाही. कोणावर किती कर्ज आहे याची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याच्याच फोनवर, त्याला सोबत बसवून काढा, त्याच्यामागे चोरून नाही. बँकांची आणि अधिकृत कंपन्यांची लोन आणि कार्डं त्यात दिसतील, बोगस ॲपची लोन आणि हातउसने तेवढे त्याला कागदावर लिहू द्या. मग पैशाचा रस्ता अरुंद करायचा. त्याच्या मर्जीने पगाराच्या खात्याचं कार्ड आणि नेट बँकिंग काही महिने बाबांकडे किंवा तुझ्याकडे, बँकेच्या ॲपमधून यूपीआयची रोजची लिमिट अगदी कमी करायची, क्रेडिट कार्ड बंद करायला अर्ज द्यायचा, जाण्यायेण्याचे आणि डब्याचे पैसे आठवड्याला नगद हातात. आयडी देणाऱ्याचा नंबर त्याने स्वतः ब्लॉक करायचा, ग्रुपमधून स्वतः बाहेर पडायचं, तुम्ही शेजारी बसायचं फक्त. दुसरं सिम आहे का तेही विचार, बहुतेक असतं.

मर्जीने हा शब्द मी मुद्दाम लिहिला. जबरदस्तीने फोन हिसकला तर तो मित्राच्या फोनवरून खेळेल आणि तुमच्याशी बोलणं बंद करेल, मग काहीच हातात राहत नाही.

कर्जाचं असं करा की त्याच्या पगारातूनच, हळूहळू, सगळ्यात जास्त व्याजाचं आधी. बँकेला आणि कंपन्यांना फोन करून हप्ता लांबवून मागा, लाज वाटायचं काही कारण नाही, खूप जण मागतात. घरून मदत करायचीच झाली तर पैसे त्याच्या हातात किंवा खात्यात नाही, थेट त्या कर्जाच्या खात्यात, आणि तेही उपचार सुरू झाल्यावर, थोडे थोडे. वसुलीवाले धमक्या देत असतील तर एवढं माहीत असू दे की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच मनाई केली आहे, नातेवाइकांना छळणं, फोटो पाठवायची धमकी देणं हे तर चालतच नाही. स्क्रीनशॉट ठेवा. ॲपच बोगस निघालं तर १९३० वर सायबरची तक्रार करा, पोलीस स्टेशनला जा.

पोलीस म्हटलं की घरचे घाबरतात, आपल्याच पोराला आत टाकतील म्हणून डॉक्टरकडेही नेत नाहीत, म्हणून कायद्याचं थोडं सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, बँकांना असे व्यवहार करायला मनाई. सरकारने तेव्हा सांगितलेला अंदाज होता की ४५ कोटी लोकांना याची झळ बसते आणि वर्षाला २० हजार कोटींच्या वर पैसा बुडतो. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला नुकसान झालेला माणूस असंच धरलं आहे. मला हा विचार पटतो. पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आयडी आधीही बेकायदाच होत्या आणि लपून आजही चालतात, त्यामुळे कायदा झाला म्हणजे आपल्या घरापुरतं मिटलं असं धरू नका. आणि एक गोष्ट भावाला सरळ विचार: स्वतःचं बँक खातं त्याने कोणाला वापरायला दिलं आहे का, किंवा कमिशनवर दुसऱ्यांना आयडी मिळवून दिली आहे का. उत्तर हो असेल तर मात्र आधी वकिलाला भेटा, तो वेगळा मामला होतो.

बोलायचं कधी? मॅचच्या दिवशी नाही, हरल्याच्या रात्री तर नाहीच नाही. सगळं घर गोल बसून पंचायत भरवू नका, तू एकटी बोल. जुगाराची अडचण ओळखायला संशोधकांनी १९९७ मध्ये दोनच प्रश्नांची एक छोटी चाचणी केली होती, ती मला फार कामाची वाटते: जास्त जास्त पैसे लावावेसे वाटतात का, आणि किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं का. एकाचंही उत्तर हो आलं तर पुढे नीट तपासून घ्यायचं. तुझ्या भावाची दोन्ही उत्तरं तुला आधीच माहीत आहेत, पण त्याच्या तोंडून येऊ दे. तो रडेल कदाचित, चिडेलही. तू फक्त एवढंच म्हण की पैशाचं पाहू, आधी तुला डॉक्टरकडे नेते.

आणि तिसरा प्रश्न माझ्याकडून, हा टाळू नको. जीव द्यायचे विचार येतात का, हे त्याला सरळ, याच शब्दांत विचार. विचारल्याने डोक्यात विचार घुसतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट माणसाला मोकळं व्हायला जागा मिळते. जुगाराच्या आजारात हा धोका खरंच मोठा असतो, कर्ज उघडं पडतं त्या दिवसांत तर जास्तच. "मी गेलो तर तुमची तरी सुटका होईल", "माझ्या विम्याचे किती मिळतील" असं काही बोलला असेल तर ओपीडीची वाट पाहायची नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी इमर्जन्सीला न्यायचं. रात्री-बेरात्री १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लागतो, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. हा नंबर तुझ्यासाठीही आहे बरं, तू लिहिलं आहेस झोप लागत नाही.

उपचार नागपुरातच होतात. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि तुझ्या भावाला सगळ्यात सोयीचं म्हणजे मिहानचं एम्स, बुटीबोरीच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावरच, वर्धा रोडने जातोच तो रोज. तिथे त्याला कोणी बांधून ठेवणार नाही, मामांना ती भीती असेल तर काढून टाका. मुख्य उपचार बोलण्याचा असतो, खेळायची लहर कधी उठते, पगाराच्या रात्री, भांडणानंतर, एकटा असताना, ते ओळखायचं, आणि "आता माझा नंबर लागणारच" हा जो हिशोब डोक्यात पक्का बसलेला असतो तो सोडवायचा. काही जणांना गोळ्यांचाही उपयोग होतो, ते डॉक्टर ठरवतील. नीट होतात गं माणसं. इतवारीच्या काकांचा तो पोरगा मधे एकदा पुन्हा घसरला होता, दिवाळीत, पत्त्यांपासून सुरुवात होऊन, पण या वेळेस तो दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगून गेला. तुमच्याकडेही पोळा, दिवाळी, आयपीएल या तारखा आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवसांत तो कुठे असेल, कोणासोबत असेल ते त्याच्याशी बोलून ठरवा.

लग्नाचं मी अगदी स्पष्ट सांगते, आत्ता नाही. एका माणसाच्या जुगाराची झळ साधारण आणखी सहा जणांना बसते असं ऑस्ट्रेलियातल्या एका संशोधनात निघालं होतं. तुमच्या घरी मोज, आई, बाबा, तू, तुझा नवरा, पैसे दिलेले दोन मित्र, सहा झालेच. उमरेडची ती पोरगी सातवी होईल, आणि तिने काहीही केलेलं नाही. तिच्या बापाने मंगळसूत्रापासून कुलरपर्यंत जे द्यायचं ते जमवून ठेवलं असेल. मामांना म्हणावं, पोरगा सावरू द्या, वर्ष-दीड वर्ष जाऊ द्या, मग स्थळ पाहा, आणि तेव्हाही मुलीकडच्यांना सगळं खरं सांगून.

कंपनीतल्या त्या चार-पाच पोरांचंही माझ्या डोक्यात राहिलं आहे. त्यांच्यातला एखादा महिन्याला दोनच हजार हरत असेल, त्याला कोणी आजारी म्हणणार नाही, पण ऑस्ट्रेलियातच व्हिक्टोरिया राज्यात २०१६ मध्ये असं दिसलं की जुगाराने समाजाचं होणारं एकूण नुकसान मोजलं तर त्याचा मोठा वाटा अशाच, वरून बरे दिसणाऱ्या लोकांचा असतो, कारण ते संख्येने खूप जास्त असतात. गुटख्याबद्दल आपण शाळेत, कारखान्यात बोर्ड लावतो, आयडीबद्दल कुठेच काही नाही. तुझा भाऊ जरा सावरला की त्याने त्यातल्या एकाला तरी १४४१६ नंबर द्यावा, ते माझ्या सांगण्यापेक्षा जास्त लागेल.

राहिले तुझे ४० हजार. ते आज रात्री नवऱ्याला सांग. रागावेल, बोलेल, एक-दोन दिवस अबोला धरेल, पण तुझ्या घरात भावामुळे लपवाछपवी सुरू झाली आहे ती इथेच थांबू दे. आणि यापुढे भावाने "ताई, फक्त पाच हजार, शेवटचे" म्हटलं तर पैसे नाही म्हण आणि चल डॉक्टरकडे म्हण, दोन्ही एकाच दमात.

रविवार मोकळाच झाला आहे तर सकाळी त्याच्यासोबत बसून रिपोर्ट काढा, यूपीआयची हिस्टरी प्रिंट करा आणि सोमवारी ओपीडीला जाताना ते कागद सोबत न्या, डॉक्टरांना त्यातून खूप कळतं. त्याला सुट्टी काढावी लागेल, आधार कार्ड घ्या, सकाळी लवकर निघा, नंबर लावायला वेळ लागतो. जाऊन आलात की मला लिही.